तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं वाकडं घर पडत कसं नाही?

भारतातून कुणी मँचेस्टरला आमच्याकडे आलं की मी त्यांना चेशरमधल्या काँगलटनजवळ, लिटल मोर्टन हॉल बघायला नेते. खंदकावरचा पूल ओलांडायच्या आतच प्रश्न येतो. घरात एक रेघ सरळ नाही. खिडक्या कलंडलेल्या, मजले पोटातून फुगलेले आणि सगळ्यात वर काचांची लांबच लांब पट्टी, दुसरीकडून उचलून आणून ठेवल्यासारखी. "अगं, हे पडत कसं नाही?" माझं कामच इमारतींच्या सांगाड्यांचं, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघतात. तिथे उभ्याउभ्या मनासारखं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

मोर्टन घराण्याने हे घर साधारण 1504 ते 1610 अशा शंभरेक वर्षांत जसजसं लागेल तसं वाढवलं. त्याच्या भिंती वजन घेत नाहीत. सगळा भार ओकच्या सांगाड्यावर. अशा सांगाड्यातले मधले चौकोन कुडाचे असत: काठ्यांचं विणकाम, त्यावर माती, गवत आणि शेण यांचा लेप. कोकणात कुडाचं घर पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. अशी घरं मोजतातही आपल्या वाड्यांसारखी, खणांत.

आता ओकची गंमत. सागासारखं वाळवून मग तो कामाला घेत नसत. वाळलेला ओक इतका कठीण होतो की हत्याराला दाद देत नाही, म्हणून ओला असतानाच कापायचा आणि उभारायचा. एका लाकडाला भोक, दुसऱ्याच्या टोकाला त्यात बसेल अशी जीभ आणि दोन्हींतून आरपार ओकचीच खुंटी. खुंटीची भोकं मुद्दाम किंचित पुढेमागे पाडतात, म्हणजे खुंटी ठोकताना ती जीभ आत ओढून घेते आणि सांधा आवळला जातो. पुढे घरात माणसं राहत असतानाच लाकूड वाळतं, आकसतं, पिळवटतं. म्हणजे तुम्हाला दिसणारा वाकडेपणा काही अंशी घराच्या पहिल्या काही वर्षांतलाच आहे.

सांगाडा वाकला तरी सांधे सुटत नाहीत. खुंटीचा सांधा थोडा हलतो, भार शेजारच्या लाकडावर सरकतो, तिरके टेकू तो पुढे खाली नेतात. दगडी भिंत एवढी सरकली असती तर फुटली असती. माझ्या उत्तराचा गाभा हाच.

पण सगळं श्रेय लाकडाला देऊन चालणार नाही. ती वरची काचांची पट्टी म्हणजे सुमारे 21 मीटर लांबीची लाँग गॅलरी. पावसाळी हवेत शतपावली घालायला आणि खेळायला केलेली. तिच्या भिंतींवरच्या लाकडी फळ्यांमागे जुने टेनिसचे चेंडू सापडले आहेत. 1560च्या सुमारास दक्षिणेच्या भागावर ती चढवली आणि तिच्यावर छप्पर घातलं जड दगडी फरश्यांचं. खालचे मजले वाकले ते मुख्यतः तिच्या ओझ्याने. पुढे आधाराला पोलादी गज घालावे लागले. सांगाड्याचा हिशेब करणारी म्हणून मला ती चूकच वाटते. आत शिरल्यावर दोन्ही बाजूंनी येणारा उजेड पाहिला की मात्र ती नसती तर काय गमावलं असतं, तेही कळतं.

1938 पासून घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. लाकडी घराचा मोठा गुण असा की सडलेला तेवढाच तुकडा कापून तिथे नवा ओक बसवता येतो. मात्र हे सतत करत राहावं लागतं. छप्पर गळू दिलं आणि पाणी सांध्यात मुरलं की सगळं शहाणपण वाया. आपल्याकडचे कितीतरी वाडे असेच गेले, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

काळ्यापांढऱ्या रंगाबद्दलही विचारता, म्हणून सांगते: अशा घरांचा काळा रंग बराचसा व्हिक्टोरियन आवडीचा आहे. मूळचा ओक नुसता उन्हापावसात रुपेरी करडा होऊ देत.

गेलात तर अंगणात भिंतीतून पुढे आलेल्या दोन मोठ्या दुमजली खिडक्यांपाशी थांबा. दोन्ही इतक्या जवळ की त्यांचे वरचे मजले एकमेकांना टेकतील असं वाटतं. त्यांच्यावर 1559 सालची अक्षरं कोरली आहेत. एका ओळीत मालक विल्यम मोर्टनचं नाव आहे. दुसरी ओळ सांगते की देवाच्या कृपेने या खिडक्या सुतार रिचर्ड डेलने केल्या. मी दर वेळी ती मोठ्याने वाचून दाखवते.