टाक मोजताना

गेल्या श्रावणात आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या घराची वाटणी झाली. भांडी, कपाटं, पितळी बंब, सगळं एका दुपारीत उरकलं. अडलं ते देव्हाऱ्यापाशी. जीएसटीची रिटर्नं भरणं हा माझा धंदा, म्हणून दादा म्हणाला, "देवांची यादी तूच कर."

टाक, म्हणजे देवांचे चांदीच्या पत्र्यावरचे ठसे, ताम्हनात काढले, चिंचेनं घासले आणि लिहायला बसलो. अंबाबाई, बिरोबा, यल्लम्मा, मग अन्नपूर्णा, बाळकृष्ण. पुढं दोन टाक निघाले, दोन्हीवर घोडेस्वार. एक जोतिबा, त्यात शंका नाही. दुसरा पिढ्यान्‌पिढ्या घासून इतका गुळगुळीत झालेला की तलवार तेवढी बोटाला लागते. स्वाराच्या पाठीशी किंचित उंचवटा. ती म्हाळसा असेल तर हा खंडोबा, म्हणजे थोरल्याकडं जाणार. नुसतीच उरलेली चांदी असेल तर हाही जोतिबा, आणि दोघांना एकेक. दादा म्हणे खंडोबा, मी म्हणे जोतिबा. आत्ती उंबऱ्यात शेंगा फोडत बसलेली. म्हणाली, "देव एकच असतोय रं, भांडताय कशापायी?"

"एकच आहे तर वाटायचा कसा?" दादानं तिथंच धरलं.

त्या रात्री बृहदारण्यक उपनिषद उघडलं. तिसऱ्या अध्यायात, जनकाच्या सभेत, विदग्ध शाकल्य नावाचा पंडित याज्ञवल्क्य ऋषीला हेच विचारतो: देव किती? उत्तर येतं 3306. शाकल्य 'बरं' म्हणतो आणि तोच प्रश्न पुन्हा टाकतो. 33. बरं, पण देव किती? 6. मग 3, मग 2, मग दीड, शेवटी 1. तपासणीला येणारे साहेब असेच असतात. आकडा मान्य करतात आणि परत तोच विचारतात.

33 ची फोड तर थेट खतावणीतली वाटते. 8 वसू, 11 रुद्र, 12 आदित्य, झाले 31. वर इंद्र आणि प्रजापती. 3306 हा नुसता त्यांचा महिमा, देव 33च, असं याज्ञवल्क्यच पुढं सांगतो. मला आवडला तो दीड. दीड म्हणजे वारा. वाहतो तर एकटाच, मग दीड कसा? तर त्याच्यात सगळं वाढीला लागलं, म्हणून 'अध्यर्ध'. संस्कृतात दीडला अध्यर्धच म्हणतात, आणि वाढण्याचं क्रियापदही तसंच ऐकू येतं. ही शब्दावरची कोटी आहे. (33 'कोटी' देव म्हणजे करोड का प्रकार, यावरनं आमच्या ग्रुपवर महिनाभर रणकंदन चाललंय, तिथं ही कोटी कुणाला सुचली नाही.) पुढं शाकल्याचं डोकं गळून पडतं, पण ते याज्ञवल्क्याच्या उलट प्रश्नाला उत्तर आलं नाही म्हणून. देव मोजले म्हणून नाही.

'शास्त्रात देव एकच' असं सांगणारे 'एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति' ऐकवतात. ऋग्वेदातली ती ऋचा (1.164.46) पुरी म्हणा की! आधी इंद्र, मित्र, वरुण, अग्नी. शेवटी पुन्हा अग्नी, यम, मातरिश्वा. मधे 'एकं सत्'. 'देव' हा शब्द तिथं नाहीच. जे आहे ते एक, एवढंच, तेही नपुंसकलिंगात. श्वेताश्वतर उपनिषदात 'एको देवः' असं सरळ म्हटलंय, ते मान्य. पण म्हणून ऋग्वेदातल्या सगळ्या हाका खोट्या पडत नाहीत. ज्यानं इंद्राला सोम दिला, त्यानं तो इंद्रालाच दिला होता. आणि लांब कशाला जायचं? आमच्या अंबाबाईच्या मस्तकावर नाग आहे, लिंग आहे, योनी आहे. ती विष्णूची लक्ष्मी का शक्ती, यावर गावात अजून आवाज चढतात. दर्शनाची रांग मात्र एकच.

शेवटी ठरलं, जुना टाक माझ्याकडं, दादाला तसाच नवा करून द्यायचा. गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, कारागिरानं भिंग लावून उलटसुलट बघितला. "साहेब, ह्यो जोतिबा का खंडोबा?"

आत्तीला फोन लावला.

"मजुरीत फरक हाय व्हय?" तिनं विचारलं.

त्याला विचारलं. नाही म्हणाला.