परकराच्या नाडीखालचा डाग

सोयाबीन काढणीच्या दिवसांत बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील आमच्या उपजिल्हा रुग्णालयात तापाच्या रुग्णांची रांग लागते आणि बहुतेकांच्या पिशवीत खासगी लॅबचे कागद आधीपासूनच असतात. गुत्त्याने सोयाबीन काढणाऱ्या टोळीतील ती चाळिशीची बाई आली, तेव्हा तिच्याही कागदांवर डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, विडाल (टायफॉइडची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आणि प्लेटलेट्स उतरलेल्या असे लिहिलेले होते. टायफॉइड म्हणून तिला सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक चालू होते, तरी ताप हटला नव्हता आणि आता धापही लागत होती. नवऱ्याचे एकच म्हणणे होते, "साहेब, प्लेटलेट चढवा, नाहीतर संभाजीनगरला पाठवा."

एकदाच केलेल्या विडालवर माझा काडीचाही विश्वास नाही. टायफॉइड जिथे घरोघरी होऊन गेलेला असतो, तिथे जुन्या संसर्गाच्या किंवा भलत्याच तापाच्या अँटिबॉडीजनेही ही चाचणी पॉझिटिव्ह येते. पण ती स्वस्त आहे आणि रुग्णाच्या हातात आजाराचे नाव लिहिलेला कागद देते, म्हणून ती सुटत नाही.

मी सिस्टरांना पडदा ओढून तिचे सर्वांग पाहायला सांगितले. काख, जांघ, स्तनांखालची घडी आणि कंबर या जागा बाईमाणसाच्या बाबतीत कोणी पाहत नाही. डॉक्टर संकोचतो आणि रुग्णही सांगत नाही, कारण तिथे एखादी खपली असली तरी ती दुखत नाही. परकराची नाडी बसते तिथे, डाव्या बाजूला, तुरीच्या दाण्याएवढी काळी कोरडी खपली आणि तिच्याभोवती लालसर कडे सिस्टरांना दिसले. "नाडीनं घासलं असंल," एवढेच ती म्हणाली.

तो स्क्रब टायफस होता. गवतात आणि बांधावरच्या झुडपांत राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माइटच्या अळीच्या चाव्यातून ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा जिवाणू शरीरात शिरतो आणि पेशींच्या आत वाढतो. चाव्याच्या जागी पुष्कळदा अशी काळी खपली धरते. सेफ्ट्रिॲक्सोनचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. डॉक्सिसायक्लिनसारखे जुने, स्वस्त औषध मात्र लागू पडते. 2018 साली नागपूरकडे याची मोठी साथ आली होती, तरीही आमच्या भागात हा आजार कोणाच्या चटकन मनात येत नाही.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने देशातील सात केंद्रांवर झालेला अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. गंभीर स्क्रब टायफसमध्ये डॉक्सिसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन दोन्ही शिरेतून एकत्र दिल्यास मृत्यू, सातव्या दिवशीही टिकलेली गुंतागुंत किंवा पाचव्या दिवशीही न उतरलेला ताप यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण 33 टक्के राहिले. एकेकटे औषध दिलेल्या गटांत ते 47 आणि 48 टक्के होते. मात्र मृत्यूंच्या संख्येत म्हणावा असा फरक पडला नाही. आमच्या औषधभांडारात शिरेतून द्यायचे डॉक्सिसायक्लिन नव्हते, म्हणून कॅप्सूल तोंडाने आणि ॲझिथ्रोमायसिन शिरेतून, असा जमेल तसा मेळ घातला. दोन दिवसांत ताप उतरला आणि त्यानंतर ऑक्सिजनही काढता आला. मेडिकल कॉलेजला पाठवलेल्या नमुन्याचा एलायझा (स्क्रब टायफसच्या अँटिबॉडीज शोधणारी रक्तचाचणी) अहवाल पॉझिटिव्ह आला, पण तो हाती पडेपर्यंत ती घरी गेली होती.

मी सुट्टीच्या कार्डावर सही करत असताना ती सहज बोलून गेली, की त्याच टोळीतली एक सून महिन्याभरापूर्वी अशाच तापाने गेली. घरच्यांनी दाखवलेल्या कागदावर टायफॉइड लिहिले होते आणि आधार त्याच विडालचा होता. तिच्या अंगावर खपली होती का, हे आता कोणी सांगू शकत नाही, आणि ती प्रत्येक रुग्णात असतेच असेही नाही. त्यामुळे तिलाही हाच आजार झाला होता, असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. मी वर लेखी कळवले, तेव्हा त्या मृत्यूचा एलायझा अहवाल जोडा, असे उत्तर आले. ज्या तपासणीचा कोणी विचारच केला नाही, तिचा अहवाल कुठून आणायचा? माझ्या पत्रावर शेरा पडला, "पुराव्याअभावी दप्तरी दाखल", आणि दिवाळीनंतर टोळी ऊसतोडीला कारखान्यावर निघून गेली.