आलेख आणि ऊन

सोलापुरात पहाटे पळायला निघालं की पहिला प्रश्न ठरलेला : "कुठं निघालाव?" अशोक चौकाच्या बाजूला रात्रपाळी उरकून चहाच्या गाड्यावर थांबलेले यंत्रमाग कामगार हे विचारतात, आणि त्यात चेष्टा अजिबात नसते. पळणाऱ्याची रेल्वे चुकत असणार, हे त्यांनी धरूनच चाललेलं असतं. "कुठंच नाही, असंच," म्हटलं की अविश्वासानं बघतात. एकानं तर मोटारसायकल शेजारी घेऊन "बसा की मागं, स्टेशनला सोडतो" असा आग्रहच धरला होता. आता वर्षभर बघून सवय झालीय. आता नुसता हातातला कप जरासा वर करतात.

आईची सवय व्हायची आहे. तिचा मुद्दा व्यवहाराचा आहे. एवढं पळायचंच आहे तर येताना गिरणीतून दळण तरी आणावं, असं तिचं म्हणणं, आणि त्यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

सुरुवात दिवाळीनंतर केली. हा मुहूर्त सुचवणारे पळण्यातले जुने गडी होते, त्यांना इथलं हवामान पाठ. डिसेंबरात सोलापूरची पहाट १५ अंशांच्या आसपास असते, हवा कोरडी आणि रस्ते मोकळे. नवशिक्याला या दिवसांत जे काही जमतं ते सगळं त्याला स्वतःचं कर्तृत्व वाटतं. पार्क चौकातून निघून सिद्धेश्वर तळ्याकडं, किल्ल्याची तटबंदी एका अंगाला ठेवून जाताना पहिल्यांदा मी पळत कमी आणि चालत जास्त होतो. काही आठवड्यांत चालणं गळून गेलं. मोबाइलमधलं ॲप माझा आलेख काढत होतं आणि तो दर रविवारी वर चढत होता. किलोमीटरला आठ मिनिटं, मग साडेसात, मग सात. होम मैदानावर जानेवारीत, संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली तोवर मी दहा किलोमीटर न थांबता पळत होतो आणि ऑफिसात, कुणी विचारलेलं नसताना, बुटांवर बोलत होतो.

शिवरात्र उलटली आणि आलेख वाकला.

सोलापूरच्या उन्हाळ्याचं कौतुक इतरांना सांगण्यात अर्थ नाही. मे महिन्यात दुपारी चाळिशी ओलांडते हे सगळ्यांना माहीत असतं. पळणाऱ्याला त्या दुपारशी देणंघेणं नसतं. त्याला नडते ती पहाट. मे महिन्यात पहाटेच २५-२६ अंश असतात, डांबर रात्रभर कालचं ऊन धरून बसलेलं असतं आणि सहा वाजता सूर्य हजर. मी तोच, बूट तेच, रस्ता तोच, पण सातावरून पुन्हा आठावर. दर रविवारी ॲप कळवायचं की तुमची क्षमता घटली आहे. लग्नात भेटणारी एखादी आत्या "किती रे उतरलास" म्हणते, तसं ते सांगणं. माहिती खरी, पण करायचं काय तिचं?

खरं तर क्षमता घटलेली नसते. गरम हवेत शरीराला रक्त दोन ठिकाणी पुरवावं लागतं : पायाच्या स्नायूंना, आणि अंग थंड ठेवायला कातडीला. त्यामुळं त्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात, आणि ठोके सांभाळायचे तर वेग सोडावा लागतो. त्याच उन्हात नेमानं, जपून पळत राहिलं तर साधारण दोन आठवड्यांत शरीर जुळवून घ्यायला लागतं. रक्तातला पातळ भाग वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठही कमी होतं. बनियनवर उठणाऱ्या मिठाच्या पांढऱ्या रेघा फिक्या झालेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. म्हणजे ज्या महिन्यात ॲप मला नापास करत होतं, त्याच महिन्यात शरीर बरंच काही शिकत होतं.

आता नळाचं. पळण्याच्या पुस्तकी वेळापत्रकात रविवारी लांबची धाव असते, मंगळवारी वेगाची, शुक्रवारी आराम. आमच्या भागात नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, आणि तेही कधी पहाटे तीनला, कधी सहाला. पाणी सुटलं की मोटर लावणं, टाकी, पिंप, कळश्या भरणं, मधेच वीज गेली तर खालून बादल्या वाहणं हे घरातल्या धडधाकट माणसाचं काम, आणि जो रोज पळतो त्याच्याइतका धडधाकट घरात दुसरा कोण? त्यामुळं माझं वेळापत्रक नळानं लिहिलं. लांबची धाव कधी बुधवारी, कधी सोमवारी. शिवाय घामाचे कपडे रोज धुवायचे तर पाणी पुरवून वापरायचं. परदेशातल्या कुठल्याही प्रशिक्षकानं हा अडथळा लक्षात घेतलेला नाही. बादल्या घेऊन जिने चढण्याला मात्र मी व्यायामात धरतो. ॲप धरत नाही.

पाऊस आला तेव्हा वाटलं, सुटलो. हवा गार झाली, आलेखानं मान वर केली. शहराबाहेर काळ्या मातीची वाट लागली की दर पावलाला बूट जड होत जातो आणि गुडघ्याएवढं उचलून तो आपटत बसावं लागतं, एवढंच. मग ऑगस्टात उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दुखायला लागलं. सपाटीवर तीन किलोमीटर काही नाही, चौथ्याला सुरी. जिना उतरताना तर कठडा धरूनच.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी गुडघा नीट बघितलाही नाही. रस्त्याच्या कोणत्या कडेनं पळता, ते विचारलं. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याच्या कडेला उतार दिलेला असतो. कायम एकाच कडेनं पळलं तर एक पाय रोज उतारावर पडतो. मग कुशीवर झोपवून वरचा पाय उचलायला सांगितला. दहाव्यांदा तो थरथरायला लागला. दुखतं गुडघ्यात, पण दुबळे असतात कंबरेच्या बाजूचे स्नायू, असं त्यांचं निदान. छाती आणि हृदय काही आठवड्यांत तयार होतात, पण स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्यांना महिने लागतात, आणि पळणारे नेमके त्या मधल्या काळात दुखापत घेऊन येतात, हेही त्यांनी सांगितलं. फी घेतली, पळणं बंद केलं.

हे गल्लीतल्या काकांना सांगितलं तर ते हसले. काकांनी तरुणपणी संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलला आहे. उंचच्या उंच तो ध्वज घेऊन अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करायची म्हणजे ताकदीपेक्षा तोलाचं काम, आणि त्यासाठी यात्रेच्या कितीतरी आधीपासून सराव चालतो. "पाय काय बे, पाय सगळ्यांचेच असतात," काका म्हणाले, "कंबर बसली पाहिजे." बाईंनी स्नायूंची लॅटिन नावं घेऊन सांगितलं ते यांनी बाराबंदी घालून शिकलेलं होतं. फी मात्र काकांनी घेतली नाही. चहा घेतला, दोनदा.

पळणं बंद असतानाच कोजागरी आली. दसऱ्यानंतर तुळजाभवानी पलंगावर निद्रा घेते आणि अश्विन पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर बसते, त्यासाठी सोलापुरातून माणसं रात्रभर चालत तुळजापूरला जातात. अंतर साधारण ४५ किलोमीटर. मॅरेथॉन ४२.१९५ ची, हा विचित्र आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू केली म्हणून आला आणि १९२१ मध्ये कायमचा झाला. म्हणजे इथली साडी नेसलेली आजी एका रात्रीत मॅरेथॉनहून जास्त अंतर कापते, तेही बऱ्याचदा अनवाणी. मी त्या रस्त्यावर मित्रांच्या मांडवात चहा वाटायला उभा होतो. विचारणारे फक्त "किती राहिलं?" विचारत होते. किती वेळात आलो, हे कुणी सांगितलं नाही.

यावर भाबडं लिहायची मला इच्छा नाही. फोड सगळ्यांच्या पायाला आले होते आणि परतीच्या एसटीत लोक कण्हत होते. शिवाय चालणं वेगळं, पळणं वेगळं : पळताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो, चालताना त्याहून खूप कमी. आणि वेळेचं वेड हलकं नाही. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या अविनाश साबळेनं २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत संपवली, ती घड्याळाकडं पाठ करून नव्हे. पण त्या रात्री चहाचा कप पुढं करताना मला एवढं दिसलं की माझ्याकडचा आकडा फार लहान प्रश्नाचं उत्तर देतो, आणि मी त्याला मोठे प्रश्न विचारत बसलोय.

यंदाच्या डिसेंबरात गावातलीच एकवीस किलोमीटरची शर्यत पळालो. अडीच तासांच्या आत आलो. वेग निघाला किलोमीटरला सात मिनिटं. गेल्या जानेवारीत होता तोच. ॲपनं सांगितलं, वर्षभरात बदल नाही. गेल्या वर्षी तो वेग दहा किलोमीटर टिकला होता, यंदा एकवीस, आणि ठोके आधीपेक्षा कमी, हे बघायला दुसरा पडदा उघडावा लागतो. आईनं विचारलं, "नंबर कितवा आला?" छातीवर लावलेला कागद तिला दाखवला. तिनं चष्मा लावून चार आकडी नंबर वाचला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

आता शंभर पानी वही आणलीय. दर धावेसमोर वेळ, तिच्याशेजारी पहाटेचं तापमान, आणि रस्त्याची कडा डावी की उजवी. एक रकाना पाण्याचाही ठेवलाय, कारण फेब्रुवारीपासून साडेचारला निघायचं ठरतंय आणि नळ नेमका त्याच सुमाराला सुटायला लागलाय.