माउंट झर्कलमधली एल्क शिकार: ६० यार्डांची प्रॅक्टिस गेली चुलीत

आधीच सांगून टाकतो, कोलोरॅडोतल्या माउंट झर्कलच्या जंगलात धनुष्यबाण घेऊन एल्कच्या (एक मोठं हरीण) मागे गेलो आणि एल्क मिळालं नाही. जवळ आलं नाही म्हणून मिळालं नाही असंही नाही, इतकं जवळ आलं की अंगाचा वास येत होता (माजावर आलेला बुल, म्हणजे नर, स्वतःच्याच अंगावर मुततो, तो वास एकदा नाकात बसला की बसला). तरी रिकाम्या हाताने का परतलो त्याचंच हे पुराण. ज्यांना शिकार हा विषयच नको वाटतो त्यांनी इथेच थांबा. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने बंद झाली ते बरंच झालं, इथे कोलोरॅडोत ती लायसन्स काढून, खाण्यासाठी होते आणि खाण्याजोगं मांस जंगलात टाकून आलात तर उलट गुन्हा दाखल होतो.

उन्हाळाभर ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, इकडे लांबूनच मारावं लागतं, ५०-६० यार्ड पक्के कर. दुकानदाराने पाच पिनांची महागडी साइट (धनुष्यावरचं नेम धरायचं साधन, एकेका अंतराला एकेक पिन) गळ्यात मारली, मी जूनपासून रेंजवर घाम गाळला, ६० यार्डांवरून पेपर प्लेटमध्ये बाण बसायला लागले, आणि जंगलात एकही जनावर २० यार्डांच्या पलीकडे शॉट देण्यासारखं उभं राहिलं नाही. एकही नाही. गच्च पडझडीच्या जंगलात त्याच्या पुढचं दिसतच नाही, हे सांगायला काय पैसे पडतात काय?

जागा म्हणजे स्टीमबोट स्प्रिंग्जच्या उत्तरेला क्लार्क, तिथून सीडहाउस रोडने थेट शेवटपर्यंत, स्लाव्होनिया ट्रेलहेड (पायवाट सुरू होते ती जागा), साधारण ८,४०० फूट. डेन्व्हरहून रॅबिट इअर्स पास ओलांडून चार तास धरून चाला. तिथून गिल्पिन लेकची वाट छान आहे, फोटो हवे तेवढे मिळतील, पण त्या वाटेवर हायकर असतात, एल्क नसतं. एल्क असतं ब्लोडाउनमध्ये, म्हणजे वाऱ्याने पाडलेल्या झाडांत. २५ ऑक्टोबर १९९७ ला इथे पूर्वेकडून ताशी १०० मैलांच्या वरचा वारा सुटला आणि जवळपास २०,००० एकरांतली झाडं एका फटक्यात आडवी झाली. मग पडलेल्या स्प्रूस झाडांत बीटल किडे माजले, त्यांनी उभी राहिलेली झाडंही खाल्ली, २००२ मध्ये या भागात वणवे लागले. आता तिथे एकावर एक ओंडके आहेत, कुठे कंबरेपर्यंत, कुठे छातीपर्यंत, आणि मधल्या फटींतून नवीन झाडोरा उगवलाय.

ट्रेलहेडवर एक गृहस्थ भेटले, म्हणाले या सोंडेवरून सरळ खाली उतरा, अर्ध्या तासात ओढ्याला लागाल. त्या अर्ध्या तासाने आमची अख्खी सकाळ खाल्ली. नकाशावर पाऊण मैल आहे ते! ओंडक्यावर चढा, धनुष्य पुढे द्या, पलीकडे उतरा, पाय कुठे पडतोय ते दिसत नाही, परत चढा. साल निघालेला ओंडका दहिवराने ओला असेल तर त्यावर पाय देऊच नका, माझ्या साडूंनी दिला आणि नडगी सोलून घेतली. चामडी हातमोजे न्या, धनुष्याच्या कॅमवर (टोकांच्या चाकांवर) आणि दोरीवर कापडी कव्हर घाला, आणि तंबू लावण्याआधी वर बघा कारण मेलेली उभी झाडं वाऱ्याने केव्हाही पडतात. कुणी काहीही सांगो, वाट सोडून तिरकं उतरायचं नाही. लांबचा फेरा पडला तरी चालेल.

तर अशा त्या पडझडीत साडू माझ्या मागे ४० यार्डांवर बसून काऊ कॉल (मादीच्या आवाजाची नक्कल) देत होते आणि बुल आला तो थेट नऊ यार्डांवर. काड्या मोडल्याचा आवाज, मग शिंगांची टोकं, मग अख्खा तो. आडवा उभा राहिला, छाती पूर्ण उघडी, मध्ये काही म्हणजे काही नाही. पीपमधून (दोरीत बसवलेली नेमाची कडी) बघितलं, वरची पिन बरोबर खांद्यामागे, सोडला. ठक्! बाण माझ्याच पुढ्यातल्या, दीड-दोन हातांवरच्या ओंडक्यात ब्रॉडहेडसकट (पात्यांचं टोक) रुतला. बुल एक उडी मारून थांबला, वळून बघितलं, कुत्र्यासारखा एकदा भुंकला आणि गेला.

हे का झालं ते नीट समजून घ्या कारण दुकानात कुणी सांगणार नाही. आपण बघतो पीपमधून आणि बाण असतो त्याच्या चारेक इंच खाली. २० यार्डांना साइट जुळवली असेल तर बाण हळूहळू नजरेच्या रेषेपर्यंत वर येतो, पण धनुष्यातून निघताना तो खालीच असतो, पाच यार्डांवरसुद्धा इंच-दीड इंच खाली. एल्कची छाती एवढी मोठी की तिथे तेवढ्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते तुमच्या नाकापुढच्या ओंडक्याने. नजरेला मोकळं दिसतं आणि बाणाला मोकळं नसतं. त्यामुळे जागा घेतली की पहिलं काम, बाण लावायचा, धनुष्य ओढायचं नाही, डोळा खाली आणून बाणाच्या दांड्यावरून जिथे जिथे जनावर येऊ शकतं तिकडे बघायचं. आडवं काही आलं तर जागा बदला नाहीतर ओंडक्याच्या पुढे येऊन बसा. हो, पुढे. मागे लपायची खोड रायफलवाल्यांची, आपल्याला पाठीमागे झाड पुरतं, आकार मोडला म्हणजे झालं.

दुसरी रड ओढण्याची. १५ यार्डांवर एक बुल माझ्याकडे तोंड करून उभा, मी आधीच फुल ड्रॉवर, म्हणजे दोरी पूर्ण मागे ओढून. समोरून शॉट घेणारे घेतात, त्यावर वाद घालणारे घालोत, माझ्या मते नवख्याने अजिबात घेऊ नये, जागा मुठीएवढी आणि दोन्ही बाजूंना हाड. म्हणून थांबलो. ७० पाउंडांचं धनुष्य, ८० टक्के लेट-ऑफ (पूर्ण ओढल्यावर ओढ तेवढी हलकी होते), म्हणजे धरून ठेवायला फक्त १४ पाउंड, असं दुकानदार सांगतो. ९,५०० फुटांवर, थंडीत, गुडघ्यावर बसून ते १४ पाउंड दोन मिनिटं धरून दाखव म्हणावं! हात लटपटायला लागले, सोडून द्यावं लागलं, हललेलं त्याने बघितलं, संपलं. घरी आल्या आल्या धनुष्य ६० पाउंडांवर आणलंय, एल्कला भरपूर झालं (कायद्याने किमान ३५ लागतं). आणि आता प्रॅक्टिस सगळी बसून, जाकीट घालून, धनुष्य आकाशाकडे न नेता सरळ मागे ओढायची. ओढायचं कधी, तर त्याचा डोळा झाडामागे गेला की. डोळा, शिंगं नव्हे. चालत असेल तर तोंडाने हलका काऊ कॉल दिला की थबकतं, पण आधी ओढून तयार असाल तरच द्या, आम्ही उलटं केलं.

वाऱ्याचं सगळ्यांना पाठ असतं, पहाटे गार हवा उताराने खाली, ऊन चढलं की वर, संध्याकाळी परत खाली. पण नऊ-दहाच्या सुमारास ती पालटते तेव्हा मधली पंधरा-वीस मिनिटं कुठलीच दिशा नसते आणि नेमका तेव्हाच एक बुल वाऱ्याखालून (आपला वास जातो त्या बाजूने) वळसा घालून येत होता. साडू कुजबुजले, "अहो, मानेला गार लागतंय," आणि तेवढ्यात तो धडधडत खाली. हवेची दिशा बघायची पावडरची बाटली खिशात नको, हातात हवी. आणि हवा पालटायच्या वेळेला कॉल देऊच नका, बसून चटणी-पोळी खा. कॉल देणारा मारणाऱ्याच्या अगदी मागे सरळ रेषेत नको, जरा वारा येतो त्या बाजूला सरकून हवा, म्हणजे वळसा घालणारं जनावर तुमच्या पुढ्यातून जाईल.

लायसन्सचं थोडक्यात. १ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशन कार्ड लागतं. बाहेरच्या राज्यातल्यांना २०२५ पासून आय-२५ महामार्गाच्या पश्चिमेला आर्चरी एल्कसाठी ड्रॉ (लॉटरी) लागतो, दुकानात जाऊन घेता येत नाही. टेक्सास, न्यू जर्सीकडून येणार असाल तर मार्चअखेरपर्यंत अर्ज, आणि आल्यावर एक-दोन रात्री उंचीवर नुसतं झोपा.

आता घोडेवाला. वाइल्डरनेसमध्ये (कायद्याने राखलेल्या जंगलात) चाकाचं काहीच चालत नाही, ढकलगाडीसुद्धा नाही, आणि मोठ्या बुलचं हाडं काढून २०० पाउंडांच्या आसपास मांस निघतं, म्हणून मांस घोड्यावरून आणायला आम्ही आधीच एकाशी बोलून ठेवलं होतं. फोनवर दर जनावराचा ठरला. जनावर पडलं नाही तर निघताना हा गडी ट्रेलहेडवर हजर, "तयार राहिलो त्याचे" म्हणून रोख पैसे मागायला, आणि आकडा फोनवरच्या निम्म्याच्या वर! तासभर हुज्जत घालून थोडे देऊन सुटलो, तेही द्यायला नको होते असं साडू अजून ऐकवतात. कोलोरॅडोत आउटफिटरला (शिकाऱ्यांना अशी सेवा पुरवणारा) राज्याची नोंदणी लागते, नंबर ऑनलाइन तपासता येतो, वर फॉरेस्ट सर्व्हिसचं परमिटही लागतं. दोन्ही मागा, आणि "एल्क पडलं नाही तर किती" हे टेक्स्टवर लिहून घ्या. उत्तर आलं नाही तर दुसरा बघा किंवा पाठीवर आणायची तयारी ठेवा, ट्रेलहेडपासून तीन मैलांच्या आतच शिकार करा. पुढच्या सप्टेंबरला आम्ही तेच करणार आहोत, आणि ती पाच पिनांची साइट विकायची आहे, कुणाला हवी तर कळवा, निम्म्यात देतो.