आमची वाटचाल: प्लायची होडी आणि बांधणीच्या तीन पद्धती

घरी स्वतःच्या हाताने होडी बांधणाऱ्यांना प्लायचे कापलेले भाग, नकाशे आणि लागणारा माल पुरवणं हे आमचं काम. सुरुवातीला आम्ही एकाच पद्धतीचे संच देत होतो: आधी लाकडी चौकटी उभ्या करायच्या, मग त्यांवर प्लाय बसवायचा. पुढे तारेचे टाके घालून जोडण्याची पद्धत घेतली, त्यानंतर फळीवर फळी चढवून चिकटवण्याची. आज तिन्ही देतो, आणि यांतली कुठली घ्यावी यावर जेवढं बोलतो तेवढं दुसऱ्या कशावरच बोलत नाही. "सोपी कुठली?" असं प्रत्येक जण विचारतो. कष्ट तिन्हींत आहेत. चौकटीत ते रंध्यावर आहेत, टाक्यांत पॉलिश पेपरवर, फळ्यांत मोजमापावर.

चौकटीच्या पद्धतीत 4 मीटरच्या होडीला तीन-चार चौकटी, नाळेचं (होडीच्या पुढच्या टोकाचं) लाकूड, कण्याची पट्टी, आणि तळ व बाजू मिळतात त्या कोपऱ्यात साधारण 20 बाय 45 मिलिमीटरची लांब पट्टी लागते. हिला चाईन म्हणतात. सगळं उलटं, शिडीसारख्या भक्कम आधारावर उभं करायचं. आकार चौकटी धरून ठेवतात, त्यामुळे होडी पिळण्याची भीती कमी. परीक्षा असते ती चाईनला तिरकी कड काढताना. मध्यावरचा कोन आणि नाळेपाशचा कोन यांत बराच फरक असतो, आणि तो वीतभर अंतरातही बदलत जातो. कण्यापासून चाईनपर्यंत सरळ पट्टी टेकवायची आणि तिच्याखालून उजेड दिसेनासा होईपर्यंत रंधा मारायचा. एक हात जास्त बसला की प्लाय आणि चाईन यांच्यात फट राहते. ती स्क्रू आवळून मिटत नाही, उलट प्लाय आत ओढला जातो आणि बाहेरून खळगा दिसतो.

या पद्धतीचा दुसरा शत्रू साचलेलं पाणी. चौकट तळाला टेकते त्या कोपऱ्यात पावसाचं गोडं पाणी राहतं आणि लाकूड तिथूनच कुजायला लागतं. खाऱ्या पाण्यापेक्षा गोडं पाणी इथे जास्त घातक. म्हणून आमच्या चौकटींच्या खालच्या कोपऱ्यांना आम्ही 20 मिलिमीटरच्या खाचा कापूनच देतो आणि खाचेच्या आतल्या कडेला इपॉक्सीचे, म्हणजे दोन भाग कालवून कडक होणाऱ्या राळेचे, तीन हात द्यायला सांगतो. कड विसरली की बाकीच्या रंगाचा काही उपयोग नाही, कारण लाकूड पाणी पितं ते मुख्यतः कापलेल्या टोकांतून.

टाक्यांची पद्धत घराघरांत पोचली ती 1962 सालच्या मिरर डिंगीमुळे. बॅरी बकनेल आणि जॅक होल्ट यांनी आखलेली ही 3.3 मीटरची होडी तांब्याच्या तारेने शिवून आणि सांध्यांवर काचेच्या धाग्यांची विणलेली पट्टी लावून उभी राहत असे. चाईन नाही, तिरकी कड नाही. प्लायचे पसरट भाग कडेला कड लावून शिवले की होडी आपोआप आकार घेते. हे बघून ज्याला त्याला ही पद्धत हवी असते, आणि लहान होडीसाठी आम्हीही बहुतेकदा तीच सुचवतो. पण ज्या चुका आम्ही वारंवार बघतो त्याही हिच्यातच होतात, म्हणून हिच्यावर थोडं जास्त.

6 मिलिमीटर प्लायला कडेपासून 8 ते 10 मिलिमीटर आत 2 मिलिमीटरची भोकं, दर 150 मिलिमीटरवर. नाळेकडे जिथे प्लाय वळतो तिथे 75 वर. सुरुवातीच्या संचांत आम्ही सगळीकडे 150 ठेवलं होतं, तेव्हा नाळेपाशी दोन टाक्यांच्या मधे कडा एकमेकींवरून घसरत. तार एकाच वेळी पूर्ण आवळू नये. सगळे टाके सैल घालायचे, मग मध्यापासून दोन्ही टोकांकडे थोडंथोडं पिळत जायचं. सगळं आवळल्यावर, कुठलाही सांधा भरायच्या आधी, पिळाची तपासणी: नाळेजवळ एक आणि मागच्या फळीजवळ एक अशा दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवायच्या आणि मागून एका डोळ्याने बघायचं. दोन्हींच्या वरच्या कडा समांतर दिसायला हव्यात. एका बाजूला एक सेंटिमीटर वर दिसली तरी होडी पिळलेली आहे, आणि ती आत्ता एका पाचरीने सरळ होते. सांधे भरल्यावर ती कशानेही होत नाही, आणि मग पाण्यात ती कायम एका बाजूला ओढते.

आतल्या कोपऱ्यातला भराव, म्हणजे फिलेट, हीच या पद्धतीतली चाईन. इपॉक्सीत लाकडाचं बारीक पीठ आणि थोडी सिलिका (माल घट्ट करणारी बारीक भुकटी) घालून पीनट बटरसारखा घट्ट होईपर्यंत ढवळायचं. चमचा उभा केला की माल ओघळता कामा नये. हलकं होतं म्हणून पोकळ गोळ्यांची भुकटी इथे वापरू नका. ती घासायला मऊ असते, पण सांध्यात ताकद देत नाही. गोलाई किती? 6 मिलिमीटर प्लायला 20 ते 25 मिलिमीटर त्रिज्या पुरते. काटकोनी कोपऱ्यात 20 त्रिज्येला मीटरमागे साधारण 86 घन सेंटिमीटर माल लागतो, 40 ला 343. म्हणजे त्रिज्या दुप्पट, तर माल चौपट. जाड भराव दिसायला भक्कम असला तरी त्याने होडी जड होते, एवढंच.

आधी टाक्यांच्या मधल्या जागांत लहान लहान भराव टाकायचा, तो कडक झाला की तारा काढायच्या, मग उरलेली पट्टी भरायची. अडकलेल्या तारेला सोल्डरिंग आयर्न टेकवलं की इपॉक्सी मऊ पडते आणि तार सुटून येते. पूर्ण भराव अजून नखाने दबत असतानाच त्यावर 75 मिलिमीटरची काचेची पट्टी ओल्या इपॉक्सीत बसवली, तर दोन्ही एकजीव होतात. दुसऱ्या दिवसावर ढकललं, तर वर मेणचट थर येतो. तो आधी पाणी आणि खरखरीत घासणीने धुवायचा आणि नंतरच घासायचा. उलट केलं तर मेण घासपट्टीबरोबर लाकडात जातं आणि पुढचा थर पोपडे धरतो.

मालाचं गणित सोपं आहे. 4 मीटरच्या होडीला कणा आणि दोन कोपरे असे 12 मीटर सांधे, आत-बाहेर मिळून 24. मागची फळी आणि आडपडदे धरून काचेच्या पट्टीचं 50 मीटरचं एक रीळ पुरून उरतं. इपॉक्सी एका वेळी 200 ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नये आणि कालवल्यावर पसरट ताटलीत ओतावी. खोल कपात ती स्वतःच्या उष्णतेने धुरावते. लवकर वाळावी म्हणून हार्डनर (राळ कडक करणारा दुसरा भाग) वाढवणं ही पॉलिस्टर राळ वापरणाऱ्यांची सवय. इपॉक्सीत प्रमाण चुकलं की माल चिकटच राहतो, आणि मग तो खरवडून काढण्याशिवाय इलाज नाही. हातमोजे पहिल्या दिवसापासून घाला. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा अंगात बसली की जात नाही.

तिसरी पद्धत, फळीवर फळी. साच्यांवर अरुंद फळ्या एकीवर एक चढवून चिकटवायच्या, 6 मिलिमीटरच्या प्लायला 18 ते 20 मिलिमीटर चढ. प्रत्येक चढ पट्टीसारखा काम करतो, म्हणून आत चौकटी फारशा लागत नाहीत. होडी हलकी होते, गोल पोटाची करता येते आणि घासकाम कमी. मात्र सहा-आठ साचे आणि फळीगणिक बदलती तिरकी कड, त्यामुळे तास भरपूर. वेळ असेल आणि रंध्यावर हात बसलेला असेल, तर आम्हाला स्वतःला हीच सगळ्यांत आवडते.

निवड करताना आम्ही आधी आकार बघतो. प्लाय एका दिशेने वळतो, दोन दिशांनी एकदम वळत नाही. नकाशाचे भाग 1:10 मापात जाड कागदातून कापून चिकटपट्टीने जोडा. 4 मीटरची होडी 40 सेंटिमीटरची होते. कागद सुरकुत्या न पडता बसला, तर टाके चालतील. नाळेपाशी फुगला, तर तिथे आणखी एक सांधा द्यावा लागेल किंवा फळ्यांकडे जावं लागेल. हे कागदाचं काम एका संध्याकाळचं आहे, आणि आमच्याकडे मागणी नोंदवण्याआधी ते कराच असा आमचा आग्रह असतो.

प्लायची शीट 2440 मिलिमीटरची, म्हणून तिन्ही पद्धतींत जोड आलाच. दोन्ही टोकं तिरकी रंधून एकमेकींवर चिकटवायची. आम्ही 8 ला 1 उतार देतो, म्हणजे 6 मिलिमीटर जाडीला 48 मिलिमीटर लांब. दोन शीट जोडल्यावर लांबी 4880 नाही, 4832 भरते. हे विसरून आखलेले भाग टोकाला अपुरे पडतात. शीट एकीवर एक 48 मिलिमीटर मागे सरकवून ठेवा आणि सगळ्यांना एकदमच रंधा मारा. प्लायमधल्या थरांच्या रेषा सरळ आणि समांतर पट्ट्यांसारख्या दिसल्या की उतार बरोबर. रेषा नागमोडी झाली की तिथे खोल गेलंय. चिकटवताना आधी दोन्ही उतारांना नुसती इपॉक्सी पाजायची, कारण उघडी टोकं ती शोषून घेतात, मग घट्ट केलेला माल. क्लॅम्प फार आवळू नका. सगळा माल बाहेर पिळून गेला तर सांधा आतून उपाशी राहतो.

प्लाय बीएस 1088 (होडीच्या प्लायचं ब्रिटिश मानक) प्रतीचा, हे आमचं सुरुवातीपासूनचं धोरण. तरी शिक्क्यावर विसंबू नका. हाताएवढा तुकडा काही तास उकळा, वाळवा, पुन्हा उकळा. थर सुटले तर ती शीट होडीसाठी नाही. कापलेल्या कडेवर बघा: मधल्या थरात पोकळी दिसली, तर ती होडीच्या वळणावर बरोबर मोडेल. वरचा थर कागदासारखा पातळ असेल, तर घासताना तो आरपार जाईल. कुठल्याही पद्धतीच्या संचासोबत आम्ही त्याच शीटचे दोन तुकडे जास्तीचे घालतो: एक उकळायला, एक पहिला भराव टाकून हातोडीने फोडून बघायला. भराव लाकूड घेऊन निघाला तर सांधा बरोबर आहे. लाकडावरून स्वच्छ सुटला तर कालवलेलं प्रमाण, धूळ किंवा मेणचट थर यांपैकी काहीतरी चुकलंय, आणि ते सापडेपर्यंत होडीला हात लावू नका.