तुम्ही विचारलंत म्हणून: काम द्यावं की रोख?

लग्नात, एसटीत, व्हॉट्सॲपवर, जिथं भेटाल तिथं हाच प्रश्न. तुम्ही आठ वर्षं ग्राम रोजगार सेवक होतात ना, गावातली रोजगार हमीची कामं बघायचात, मग सांगा, गरिबाच्या हाताला काम द्यावं की लाडक्या बहिणीसारखे खात्यात पैसे टाकावेत? आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य तयार, फुकटचं मिळालं की माणूस आळशी होतो.

मीपण हेच म्हणायचो, ग्रामसभेत उभं राहून. वि. स. पागेंची रोजगार हमी, ७२ चा दुष्काळ, आमच्या आजीनं फोडलेली खडी, पगारदारांच्या व्यवसाय करातून येणारी मजुरी, सगळं पाठ होतं. १९७७ सालीच आपल्या राज्यानं कामाचा हक्क कायद्यात लिहिला, त्याचा अभिमान आजही आहे.

पण गावातल्या एका मावशीचं सांगतो. नाव नको.

२०१८ चा उन्हाळा, नाला खोलीकरणाचं काम. मावशीनं बारा दिवस घमेली उचलली, माप पूर्ण भरलं, २०३ रुपये रोजानं २,४३६ रुपये. कायद्यानं पंधरा दिवसांत मिळायला हवेत, दीड महिना झाला तरी नाहीत. रोज सकाळी माझ्या दारात, "भाऊ, पैसं आलं का?" शेवटी ऑनलाइन बघितलं तर तिच्या नावापुढं जमा. बँकेतलं पासबुकाचं मशीन बंद, खात्यात शे-दीडशे, आणि पासबुक असायचं पोराकडं. मी म्हणालो, मावशी पैसे तर आलेत, पोराला विचारा. पोरगं शपथा घेत राहिलं, मावशीनं चार माणसांत त्याला चोर म्हटलं, त्याच रात्री ते पुण्याला निघून गेलं.

दोन महिन्यांनी कळलं, सिमकार्ड घेताना दिलेल्या अंगठ्यावर तिचं दुसरंच खातं उघडलेलं, आधार सगळ्यात शेवटी त्या खात्याला जोडलं गेलं म्हणून मजुरी तिकडं पडली. सगळे पैसे तिथंच होते, एक रुपयाही कुणी काढला नव्हता.

पैसे कुठल्या खात्यात गेले ते बघायला माझ्याकडं लॉगिन नव्हतं, ट्रेनिंगमध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं, माझंच मानधन चार-चार महिने रखडायचं. हे सगळं खरंय. पण "पोराला विचारा" मीच म्हणालो ना. मशीनवर विश्वास ठेवला, माणसावर नाही ठेवला.

२०२४ ला लाडकी बहीण आली तेव्हा आधी मीही नाक मुरडलं. मग बघितलं, ना माप, ना हजेरीचं मस्टर, बाईच्या हातात दीड हजार, आमच्या गल्लीतल्या एकीनं पहिल्या हप्त्यात चष्मा केला, चार वर्षं सुईत दोरा ओवता येत नव्हता तिला. तिला आळशी म्हणायची माझी हिंमत नाही. मावशीला मात्र नाही मिळाले, वय ६५ च्या पुढं. आणि २०२५ ला ई-केवायसी आली, नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार द्या म्हणे, माझ्यासमोर उभ्या असलेल्या विधवेचे दोघंही गेलेले, तिनं कुणाचा द्यायचा?

म्हणजे रोख चांगली का? त्या नाल्याशेजारच्या विहिरींना आता मार्चपर्यंत पाणी असतं, दीड हजारानं ते आलं नसतं. दोन्ही द्या म्हणालो की तुम्ही म्हणता पैसे कुठून आणायचे, तेही बरोबरच आहे, मला त्याचं उत्तर येत नाही. मला एवढंच विचारायचंय की पैसे अडले तर त्या बाईनं कुणाच्या दारात जायचं, ते आधी ठरवा ना. अजून तरी ती माझ्याच दारात येते, आणि मी नोकरी सोडून तीन वर्षं झाली.