ग्रँट तुमची नसते, युनिव्हर्सिटीची असते

मुंबईत सुट्टीला आले की कॉलेजमधले ज्युनिअर हमखास विचारतात, ताई तिकडे रिसर्चला ग्रँट कशी मिळवतात, ग्रीन कार्ड लागतं का? परवा परळला पुन्हा तोच विषय निघाला, म्हटलं आता एकदा नीट लिहूनच टाकते.

तर ग्रीन कार्ड. अमेरिकेत मेडिकल रिसर्चचा सगळ्यात मोठा पैसा एनआयएचचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचा, आणि त्यांची मुख्य ग्रँट म्हणजे आर-01, तिला नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डची अट नाही. पोस्टडॉकमधून, म्हणजे पीएचडीनंतरच्या रिसर्चच्या कामातून, स्वतःच्या लॅबकडे जायला के-99 असते तिलाही नाही. पोस्टडॉकसाठीच्या एफ-32 फेलोशिपला मात्र ती आहे, त्यामुळे आपल्या मुलांनी तिच्यात वेळ घालवू नका, के-99 कडे बघा, पण पोस्टडॉकची पहिली चार वर्षं संपायच्या आत.

खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती इथे कुणी सांगत नाही. अर्जदार तुम्ही नसताच, अर्जदार असते युनिव्हर्सिटी. तुम्ही पीआय (प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर), म्हणजे डोकं आणि काम तुमचं, पण सबमिट करण्याचा अधिकार युनिव्हर्सिटीच्या माणसाला, पैसे येतात तेही युनिव्हर्सिटीच्या नावावर आणि हिशोबाची जबाबदारीही तिचीच. नव्या आर-01 च्या तारखा ठरलेल्या, 5 फेब्रुवारी, 5 जून, 5 ऑक्टोबर, संध्याकाळी 5 पर्यंत. पण बहुतेक युनिव्हर्सिट्यांना सगळं चार-पाच कामाचे दिवस आधी हातात लागतं, त्यामुळे ऑक्टोबरचा अर्ज असला की गणपती सगळे त्यातच जातात, आई व्हिडिओ कॉलवर आरती दाखवत असते आणि माझ्यासमोर बजेट जस्टिफिकेशन उघडं असतं.

आमच्या डिपार्टमेंटला एक ग्रँट्स मॅनेजर आहे. तिच्या टेबलावर दोन स्क्रीन, एकीवर माझं बजेट, दुसरीवर नियमांची पीडीएफ. टेक्निशियनचा वेळ किती महिन्यांचा धरलाय, उंदरांच्या पिंजऱ्यांचं रोजचं भाडं यंदाच्या रेटनं लावलंय का, दुसऱ्या संस्थेचं पत्र सहीसकट आलंय का, फॉन्ट 11 च्या खाली तर गेला नाही, मार्जिन अर्धा इंच आहे ना, हे सगळं ती बघते. तिला माझ्या विषयातलं, टीबीतलं, काही कळत नाही आणि कळायची गरजही नाही, पण तिच्यामुळे मला माझा वेळ सायन्सवर घालवता येतो. आणि तो घालवावाच लागतो, कारण अर्जातली रिसर्च स्ट्रॅटेजी 12 पानांची असली तरी जीव असतो स्पेसिफिक एम्सच्या, म्हणजे नेमकं काय शोधणार ते सांगणाऱ्या, एका पानात. ते पान आम्ही एकमेकांचं अक्षरशः फाडतो. ‘टीबी हा भारतातला गंभीर आजार आहे’ अशी सुरुवात केली की सिनियर लाल पेन मारतात, हे रिव्ह्यूअरला माहीतच आहे. त्याऐवजी, बेडाक्विलिन हे टीबीचं औषध चालू असताना जंतूतला Rv0678 जीन बदलून औषध निकामी होतं, हे ट्रीटमेंटच्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर सुरू होतं ते आम्ही शोधणार, असं लिहिलं की वाचणारा पुढे सरकतो.

एवढं करूनही साधारण निम्म्या अर्जांवर स्टडी सेक्शनमध्ये, म्हणजे अर्ज तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या समितीत, चर्चाच होत नाही. तरी रिव्ह्यूअरच्या टिप्पण्या सगळ्यांना लेखी मिळतात, आणि 37 महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा पाठवता येतं. पहिली आर-01 मिळेपर्यंत बहुतेकांची चाळिशी उलटते हेही ऐकून ठेवा.

आता ग्रँट्स मॅनेजरचा पगार येतो कुठून? बऱ्याच अंशी ओव्हरहेडमधून. रिसर्चच्या खर्चावर युनिव्हर्सिटीला वेगळी टक्केवारी मिळते, मोठ्या ठिकाणी ती पन्नाशीच्या पुढे असते. फेब्रुवारी 2025 मध्ये एनआयएचने ती सरसकट 15 टक्के करतो असं जाहीर केलं तेव्हा आमच्याकडे सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता, मग प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टानं ते अडवलं.

आणि मुंबईत? माझ्या ओळखीच्या एक मॅडम आहेत, ओपीडी संपवून दुपारी त्या स्वतः तीन-तीन कोटेशन मागवतात, जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर ऑर्डर टाकतात, पैसे कुठे खर्चले याच्या युटिलायझेशन सर्टिफिकेटसाठी अकाउंट्सच्या चकरा मारतात, हप्ता उशिरा आला की प्रोजेक्टच्या मुलांचे पगार थांबतात आणि तोंड द्यायचं मॅडमनीच. मला याचा फार त्रास होतो. अहो, बॉम्बे ब्लड ग्रुप हा दुर्मिळ रक्तगट 1952 साली याच परळमध्ये केईएमच्या डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधून जगापुढे आणला, आपल्याकडे पेशंट आहेत, सॅम्पल आहेत, हुशार माणसं तर आहेतच. नाहीये ते फक्त मागचं ऑफिस. प्रत्येक मेडिकल कॉलेजला दोन-तीन कायमची माणसं द्या, ज्यांचं काम फक्त ग्रँटचं, आणि मग बघा किती अर्ज जातात.

अमेरिकेतल्या कुणाबरोबर मिळून करायचा विचार असेल तर दोन गोष्टी. परदेशी पैसा आणि सहकार्य असलं की आयसीएमआर या आपल्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत एचएमएससीची, म्हणजे आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची, मंजुरी लागते, त्याला वेळ धरा. दुसरं म्हणजे मे 2025 मध्ये एनआयएचने परदेशी संस्थांना जाणारे नवे सबअवॉर्ड, म्हणजे ग्रँटमधून दुसऱ्या संस्थेला दिला जाणारा हिस्सा, नवी पद्धत बसेपर्यंत थांबवले, तेव्हा जुनी उदाहरणं बघून बेत आखू नका. त्यापेक्षा आधी आयसीएमआर आणि इंडिया अलायन्स (भारत सरकारचा डीबीटी विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांची संस्था) यांच्या फेलोशिप बघा, अलायन्सकडे डॉक्टरांसाठी वेगळ्या फेलोशिप असतात.

मी महिनाअखेरपर्यंत दादरलाच आहे. ज्यांच्या डोक्यात प्रश्न पक्का आहे त्यांनी एक पान, फक्त एकच, प्रिंट काढून आणा, आपण बसून त्यावर लाल पेन चालवू.